फळ्याशप्पथ

आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत, दिवाणाच्या वरच्या भिंतीवर, एक काळा चौकोन रंगवलेला आहे. तो फळा. घर रंगवायला आलेला प्रत्येक रंगारी विचारतो, "आजी, हा झाकू का?" आणि मी प्रत्येकाला सांगते, बाबा रे, बाकीचं घर राहिलं तरी चालेल, याला हात लावू नकोस. या फळ्यासमोर बसून डोंबिवलीतल्या कितीतरी पोरी इंग्रजी शिकल्या. कोपरहून चालत यायच्या. काही दहावीच्या, काही बारावीच्या, आणि काही लग्न ठरलेल्या, ज्यांना सासरी दोन वाक्यं फाडफाड बोलता यावीत अशी त्यांच्या आयांची इच्छा असायची. क्लासला पाटी कधी लावली नाही. "इंग्लिशवाल्या बाई" म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा.

त्या बाईंचं, म्हणजे तेव्हाच्या माझं, काय वर्णन करू! कडक स्टार्चची साडी, हातात खडू, आणि तोरा असा की इंग्रज जाताना भाषेच्या किल्ल्या हिच्याच कमरेला खोचून गेले. बाई पुण्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. "व्हेरी" म्हणताना खालचा ओठ दातांखाली असा काही धरायच्या की पुढच्या रांगेतल्या मुली माना खाली घालून हसायच्या. बाईंना वाटायचं, लाजतायत बिचाऱ्या.

या बाईंचा एक हुकमी धडा होता. तो ऐकायला मागच्या वर्षीच्या मुलीसुद्धा परत येऊन दारात उभ्या राहायच्या. बाई विचारायच्या, "फॉल म्हणजे काय?"

कुणीतरी म्हणायचं, "पडणे."

"पडणे? बस्स?" बाई गालातल्या गालात हसायच्या. हे हसू आरशासमोर बसवलेलं होतं. मग त्या फळ्यावर एक झाड काढायच्या. खोडावर लिहायचं 'फॉल', आणि मग एकेक फांदी. आपण आजारी पडतो, साहेबही पडतो. आपण प्रेमात पडतो, तोही पडतो. आपण अभ्यासात मागे पडतो, पाहुणे आले की आपली कणीक कमी पडते, त्याचंही तसंच. इथवर दोघं सख्खी भावंडं. "पण आपल्याला झोप लागते," बाई खडू रोखून म्हणायच्या, "आणि हा गृहस्थ झोपेतसुद्धा पडतो! फॉल अस्लीप! उलट आपल्याला स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो. तिथे मात्र हा पडायला तयार नाही." इथे हशा. हा हशाही ठरलेला.

मग वरच्या, अवघड फांद्या. ठरलेला बेत फिसकटला की 'फॉल थ्रू'. दोघांचं बिनसलं की 'फॉल आउट'. कुणाच्या थापेला फशी पडलं की 'फॉल फॉर'. आणि सगळ्यात शेंड्याला 'फॉल बॅक ऑन': बाकी सगळं हातचं सुटलं की ज्याच्याकडे वळायचं, ज्याच्यावर भार टाकायचा, ते. याला मराठीत नेमका शब्द नाही, असं बाई ठणकावून सांगायच्या. "कारण आपल्याला त्याची गरजच नाही. आपल्याला शेजार असतो."

केवढी टाळी घ्यायच्या त्या वाक्यावर. माझ्या हातात असतं तर आत्ता तिथे जाऊन तो खडू काढून घेतला असता.

माझा शेजार म्हणजे समोरची. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याच्या माथ्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं, एक तिचं. तिचं माहेर विठ्ठलवाडीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती घरी साड्यांना फॉल लावून द्यायची, आणि फॉलचा धडा चालू असताना एकदा आपल्या दारातूनच ओरडली होती, "बाई, मला एकच फॉल माहितेय, आणि तो लावल्याशिवाय तुमची साडी नीट पडत नाही!" सगळा क्लास फुटला. बाईंचा ठरलेला हशा फिका पडला. दुसऱ्या दिवसापासून मी तिला मागच्या बाजूला चटईवर बसवली. साड्यांचं गाठोडं घेऊन यायची, टाके घालता घालता ऐकायची. मला 'बाई' म्हणायची ती तेव्हापासून. माझ्याहून बरीच लहान, पण आवाज माझ्या दुप्पट.

माझे यजमान गेले आणि मी या घरात एकटी उरले. मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या उंच टॉवरात. त्याने तेव्हाच म्हटलं होतं, "आई, तिकडे चल." मी म्हटलं, "फळा कुठे न्यायचा?" त्याने विषय बदलला. पोराला फळ्याचं कारण पटलं असं मला वाटलं. मला काय, बरंच काही वाटत असे.

त्याच आठवड्यात समोरचीने सकाळी सात वाजता बेल वाजवली. हातात स्टीलची वाटी, वर झाकण. "मटकीची उसळ केलीय बाई. मीठ बघा बरोबर आहे का."

मीठ बरोबर होतं. तिचं मीठ कधी चुकलेलं नाही. पण वाटी घरात आली की ती रिकामी परत करायची नाही, हे माझ्या आईने मला आणि तिच्या आईने तिला शिकवलेलं. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण वाटी भरून पाठवायची. दुसऱ्या दिवशी सातला ती दारात आली तेव्हा मी वाटीत शिरा घालून दिला. तिसऱ्या दिवशी तीच वाटी कोशिंबीर घेऊन आली. मग ते चालूच राहिलं. तळाशी तिच्या सासूबाईंचं नाव कोरलेली ती एकच वाटी, आमच्या दोन दारांमधल्या चार पावलांत वर्षानुवर्षं फिरत राहिली. कधी चटणी, कधी दोन करंज्या, आणि आळस केला तर साखर.

मी पण काय! खालच्या बाकावर संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या जमतो, तिथे मी फुशारकीने सांगायचे, "माझ्याशी बोलल्याशिवाय तिची सकाळ होत नाही हो. मी दार उघडलं नाही तर बेचैन होते." बाकीच्या माना डोलवायच्या. त्यांच्यापैकी कुणाकडे रोज सातला वाटी घेऊन कुणी येत नव्हतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच सांगायचे.

आता पडण्याकडे येते. खरोखरच्या पडण्याकडे.

मला साखरेचा त्रास निघाल्यापासून गोड बंद आहे. निदान मुलाला तसं वाटतं. आंबावडीचा एक डबा मी माझ्यापासूनच लपवून माळ्यावर ठेवला होता. स्टूल चढल्याशिवाय तो हाती लागू नये, आणि स्टूल चढण्याइतकी मी मूर्ख नसावी, असा हिशेब. एका सकाळी सातच्या जरा आधी मी तेवढी मूर्ख निघाले. डबा हातात आला आणि स्टूल पायाखालून गेलं. मी, डबा आणि झाकण तिघं तीन दिशांना.

मनगटावर भार आला होता. उठायला जावं तर कंबर म्हणे, थांब. मी तशीच पडून राहिले आणि छताकडे बघत होते, तेवढ्यात बेल वाजली. एकदा. दोनदा. मग समोरचीने तिच्याकडची किल्ली लावून दार उघडलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. हातात वाटी. मी जमिनीवर, माझ्याभोवती आंबावड्या पसरलेल्या.

"बाई!"

"ओरडू नकोस. खालचे वर येतील."

"मोडलं का कुठं?"

"नाही. मुका मार आहे."

तिने वाटी ओट्यावर ठेवली, माझ्या काखेत हात घालून मला भिंतीला टेकवून बसवलं, मनगट हातात घेऊन फिरवून बघितलं. मी दात आवळले. तिने ते बघितलं. मग खाली वाकून एक वडी उचलली, फुंकली आणि माझ्या तोंडात घातली. "घ्या. एवढं पडलात तर एक तरी खा."

अशी आहे ती. म्हणून तर सगळं अवघड होऊन बसलं.

हळदीचा लेप लावताना मी तिला म्हटलं, "हे मुलाला कळता कामा नये."

ती लेप लावत राहिली.

"त्याला कळलं की संपलं. तो मला ठाण्याला नेईल आणि हे घर बंद होईल. मग मी त्या बाविसाव्या मजल्यावर बसून कावळे मोजीन. कावळेसुद्धा तेवढे वर येत नाहीत. शपथ घे."

"कुणाची घेऊ? आमच्यात देवाची शपथ घेत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतंच. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि देवाच्या शपथा, नवस, उपास यांना ती मोजत नाही. मी इकडेतिकडे बघितलं. "फळ्याची घे."

तिला हसू आलं. पण ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली, फळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "फळ्याशप्पथ. तुमच्या पोराला मी एक शब्द सांगणार नाही."

मी निश्चिंत झाले. वाटीत त्या दिवशी पडवळाची भाजी होती. मी डाव्या हाताने खाल्ली.

साडेआठला मुलाचा फोन आला. एरवी तो रात्री जेवणं झाल्यावर करतो. "काय करतेस?" "काही नाही, पेपर वाचतेय." "आवाज असा का येतोय?" "कसा?" "असाच." आणि ठेवला. दुपार व्हायच्या आत साहेब ऑफिस सोडून दारात हजर. "सहज आलो," म्हणाला. मी हात पदराखाली घेतला. तो स्वयंपाकघरात गेला. स्टूल अजून आडवंच होतं आणि ओट्याखाली एक आंबावडी राहिली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. माझ्या पोराने वडील गेले तेव्हासुद्धा माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं.

एक्स-रे काढला. मनगटात केसाएवढी चीर. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि मुलाने माझी बॅग भरली. बॅग भरताना त्याने मला काहीच विचारलं नाही. साड्या घेतल्या, औषधं घेतली, देवघरातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळून घेतला. बाळकृष्ण घेतला तेव्हा मला कळलं की हे चार दिवसांसाठी नाही.

जिन्यात समोरची उभी होती. मी तिच्यासमोर थांबले. "सांगितलंस?"

"एक शब्द नाही." तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. "फळ्याशप्पथ."

मी विश्वास ठेवला. आईचं दुखलंखुपलं पोराला आपोआप कळतं म्हणतात, तसं काही असेल, असं मनाशी म्हटलं. गाडीत बसले तर ती धावत खाली आली आणि खिडकीतून वाटी माझ्या मांडीवर ठेवली. सांडगी मिरच्या होत्या. "तिकडं तोंडाला चव येणार नाही तुमच्या."

खाडीवरच्या नव्या पुलावरून गाडी निघाली तरी मी ती वाटी प्लॅस्टरच्या हाताने धरून बसले होते.

ठाण्याच्या घराला नावं ठेवावीत असं काही नाही. ते फारच चांगलं आहे, हीच त्याची अडचण. हवा चांगली म्हणतात. मला तिथे कसला वासच येत नाही. डोंबिवलीला निदान वारा एमआयडीसीकडून येतोय की खाडीकडून, हे नाकाला कळतं. दारावर कुणी अचानक येत नाही. खालचा वॉचमन आधी मोबाइलवर परवानगी मागतो. बाल्कनीत साडी वाळत घातली तर संध्याकाळपर्यंत तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. मी रोज एक वाळत घालू लागले. सून बिचारी रोज माफी मागायची. मुलगा म्हणाला, "आई, मशीनमध्ये वाळतात कपडे." मी म्हटलं, "मग मलाही घाल त्यात."

तीन-चार वेळा विचारलं, "मी परत कधी जाणार?" प्रत्येक वेळी उत्तर एकच. "हात तर बरा होऊ दे." हात बरा झाला. प्लॅस्टर निघालं. मग म्हणाला, "घाई काय आहे? ते घर राहू दे बंद."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आजवर मी पोराशी थट्टेत भांडत होते. आता लक्षात आलं की त्याच्या मनात ठरलेलं आहे आणि मला फक्त सांगायचं राहिलं आहे.

मला एकच आशा होती. समोरची. ती माझ्या बाजूने बोलेल. तिने शब्द पाळला होता, हे मी त्या घरात सगळ्यांना ऐकवत असे. "बघा, शेजारीण असून तिने तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही पोटचे!" मुलगा अशा वेळी पाणी प्यायला उठायचा. आता आठवतं, फार पाणी प्यायचा तो त्या दिवसांत.

एका रविवारी नात तिची वर्कशीट घेऊन आली. नववीत आहे. "आजी, तू इंग्लिश टीचर होतीस ना? हे बघ, 'फॉल'चे सगळे यूजेस. वाक्यात उपयोग करायचाय. मरणाचं बोअर आहे."

बोअर! माझ्या अंगात त्या स्टार्चच्या साडीतल्या बाई संचारल्या. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर झाड काढलं. खोड काढलं, फांद्या काढल्या, साहेबाला झोपेत पाडलं, आणि नात अगदी ठरलेल्या जागी हसली. इतक्या वर्षांनी तो हशा मिळाला आणि मी अशी काही फुलले की काय सांगू. 'फॉल आउट' झालं, 'फॉल फॉर' झालं. 'फॉल फॉर'ला मी उदाहरण दिलं, एक बाई कशी कोल्हापुरी चपला म्हणून पुठ्ठ्याच्या चपला घेऊन आली. ती बाई मीच. मग शेंड्यावर पोचलो.

"फॉल बॅक ऑन," मी म्हटलं. "सांग वाक्य."

नात पेन चावू लागली. सून समोर शेंगा सोलत बसली होती. तिलाही धडा आवडला होता. एरवी ती माझ्या वाटेला जात नाही, त्या दिवशी आपण होऊन बोलली. "मी सांगू, आई? आम्ही नाही का समोरच्या काकूंवर फॉल बॅक ऑन करतो! बाबा गेल्यापासून. रोज सकाळी त्यांचा मिस्ड कॉल आला की आम्ही निवांत. एक रिंग, कट. म्हणजे आई उठल्या, बऱ्या आहेत. एक दिवस चुकला नाही हो त्यांचा. त्या दिवशी आला नाही, म्हणून तर यांनी लगेच..."

तिचं बोलणं मध्येच थांबलं. मी तिच्याकडे बघत होते. नात माझ्याकडे बघत होती.

"सकाळी किती वाजता यायचा?" मी विचारलं.

"आई, म्हणजे तसं काही..."

"सातनंतर ना?"

सून मान खाली घालून शेंगा सोलू लागली. सोललेल्याच शेंगा परत परत.

मी उठून बाल्कनीत गेले. साडी वाळत होती. तिला उगाच सारखी केली.

मला मुलाचा राग आला नाही, हे खरंच सांगते. पोरं आईच्या पाठीमागे अशी कारस्थानं करतातच. मीही माझ्या आईच्या पाठीमागे केली आहेत. समोरचीने शब्दही मोडला नव्हता. एक शब्द सांगणार नाही म्हणाली होती, नाही सांगितला. नुसता फोन केला नाही, आणि तेवढ्यानेच सगळं सांगून झालं. फळ्यासमोर बसून शिकलेली बाई ती, शब्द तोलून वापरणारच.

मला लागली ती वाटी. रोजची. मीठ बघा बाई, चटणी तिखट झालीय का बघा. मी झाकण उघडायचे, चव घ्यायचे, दहा मिनिटं दारात उभी राहून बोलायचे. कधी आदल्या रात्री पडलेलं स्वप्नसुद्धा सांगायचे. आणि दार लावून घेतलं की ती पलीकडे जाऊन एक रिंग द्यायची. हजर. मी शिरा परतताना आदल्या दिवशीपासून विचार करायचे की तिला वेलची जास्त आवडते. वेलची तिच्यासाठी. आणि ती यायची माझी हजेरी घ्यायला.

आणि मी खालच्या बाकावर काय सांगायचे! माझ्याशी बोलल्याशिवाय तिची सकाळ होत नाही. होत नव्हतीच.

त्या रात्री मुलाला मी सरळ विचारलं. त्याने नाकारलं नाही. "मग काय करायचं होतं मी? तू येत नव्हतीस. मला झोप लागत नव्हती. मी काकूंना म्हटलं, रोज एकदा बघत जा. तेवढंच."

"वाटी तू सांगितलीस?"

"कुठली वाटी?"

त्याला वाटी माहीतच नव्हती. का तो तसं दाखवत होता? मला कळेना. एवढी इंग्रजी शिकवली, पण माझं पोर खरं बोलतंय की नाही हे मला त्याच्या तोंडावरून वाचता येईना.

मग मी डाव टाकला. "मला डोंबिवलीला सोड. तुला तुझी हजेरी मिळेल. आता मला माहीत असताना घेऊ दे तिला."

तो म्हणाला, "स्टूल टाकून द्यायचं. न्हाणीघराचं दार आतून लावायचं नाही. आणि काकू रोज फोन करणार. एक दिवस चुकला तर मी येणार आणि या वेळी घर बंद करणार. कबूल?"

त्याने तिला फोन लावला, स्पीकरवर. "काकू, आई म्हणतेय तिकडे यायचंय. तुम्हाला जमेल ना पहिल्यासारखं?"

पलीकडून तिचा मोठा आवाज. "माझं काय, मी करतच होते. त्यांना विचार, त्यांना चालतंय का."

सगळी माझ्याकडे बघत होती. मला माझं घर पाहिजे होतं. माझा ओटा, माझा फळा, माझी खिडकी, तो एमआयडीसीचा घाणेरडा वास. आणि ते सगळं मला मिळणार होतं फक्त एका गोष्टीच्या बदल्यात. रोज सातला तिला दार उघडायचं.

"चालतंय," मी म्हटलं.

मुलाने मला आणून सोडलं, स्टूल स्वतः खाली नेऊन भंगारवाल्याला दिलं, आणि गेला. तो जिना उतरतोय तोवर समोरचं दार उघडलं.

"आलात बाई."

"आले. हजेरी लाव."

तिने पदर सारखा केला. तिला कळलं होतं की मला कळलंय. "आत येऊ?"

"इथेच बोल. तू माझ्या पोराची हेर होतीस."

"हेर?" तिचा आवाज चढला. "हेराला पहाटे उठून मटकी निवडावी लागत नाही बाई."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दार उघडलं असतंत? तुम्हाला मी ओळखत नाही? तुम्ही मुद्दाम आठ वाजेपर्यंत आत बसला असतात, मला नाचवायला."

हे खरं होतं. तिने ते ओळखलं होतं, म्हणून आणखी राग आला.

"वाटी कुणाची?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वाटी. पोराने सांगितली, का तुझी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं आता ही रडते का काय. रडली नाही. "फोन त्याचा," ती म्हणाली. "वाटी माझी."

"शपथ?"

ती माझ्या खांद्यावरून आत फळ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "आता नाही घेणार. घेतली तरी तुम्हाला पटणार आहे का?"

आणि दार लावून आत गेली.

खरं असेल. नसेलही. तिने शपथ घेतली असती तर मी म्हटलं असतं, ही तर शब्द पाळून फसवणारी बाई. नाही घेतली, तर म्हणते, का नाही घेतली. माझी म्हातारीची अशी गत.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच मी उठून बसले होते. ठाण्याहून आणलेली तिची वाटी मी घासून पुसून दाराजवळच्या कपाटावर ठेवली होती. साखरेचा डबा समोरच होता. हात त्याच्याकडे जात होता, सवयीने. मी तो मागे घेतला.

बेल वाजली. ती दारात, हातात दुसरी वाटी, झाकलेली. मी तिच्या हातात तिची वाटी ठेवली. तिने आत बघितलं. वाटी अशी कलती करून बघितली, जणू तळाशी दोन दाणे चिकटले असतील. तळाशी उलट्या बाजूने सासूबाईंचं नाव होतं, बाकी काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरी वाटी रिकामी जात होती.

मग तिने तिथेच, माझ्यासमोर, फोन काढून लावला. मिस्ड कॉल द्यायचा, पण पहिला दिवस असल्यामुळे मुलाने तिकडे उचलला असणार.

"हां. उठल्यात," ती म्हणाली. "बऱ्या आहेत. हो रे, नक्की. मला रिकामी वाटी दिलीय, म्हणजे ठणठणीत आहेत."

तिने आणलेली वाटी मी घेतली. घेतली नसती तर दार लोटून घ्यावं लागलं असतं, आणि ते लोटलं की घर गेलं.

तेव्हापासून असंच चाललंय. रोज सातला बेल वाजते. ती भरलेली आणते, मी रिकामी देते. दोन वाट्या झाल्या आहेत आता फिरत्या. ती मीठ बघा म्हणत नाही आणि मी बघितलं तरी सांगत नाही. मीठ अजून चुकलेलं नाही.

काल तिने वाटी हातात घेतली, नेहमीसारखी आत बघितली, आणि कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी बोलली.

"साखर संपलीय का घरातली?"

"आहे," मी म्हटलं.

"मग?"

"आहे म्हटलं ना."

तिने मान हलवली, फोन काढला, एक रिंग दिली आणि कापला.